कर्नलबाई, निनादच्या वतीने

कर्नलबाईंना वाकडं काही बघवत नसे. भिंतीवरचं कॅलेंडर, ताटातली लिंबाची फोड, दुसऱ्या बाईच्या साडीच्या निऱ्या, काहीही असो, त्यांचा हात आपोआप पुढे व्हायचा. सिंगापुरात चोआ चू कांगच्या आमच्या ब्लॉकमध्ये त्यांचं आणि माझं दार शेजारी शेजारी होतं. सकाळी ऑफिसला जायला दार उघडावं, तर माझ्या रॅकवरच्या चपला टाचेला टाच लावून सावधानमध्ये उभ्या असायच्या. माझ्या नवऱ्याच्या झिजलेल्या स्लिपरसुद्धा. एकदा मी धीर करून म्हटलं, "ताई, अहो राहू द्या ना, चपलाच त्या." तर म्हणाल्या, "अगं मेधा, दारातल्या चपला वाकड्या तर घरातलं काय सरळ असणार? तू नको काळजी करूस, तुझ्या घराकडे मी बघते." ही मदत होती की धमकी, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

त्यांचं खरं नाव सुलभाताई. कर्नलबाई हे नाव पडलं ते इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत. कम्युनिटी क्लबचा हॉल भाड्यानं घेतलेला, आरतीला ही गर्दी, आणि बाईंनी सगळ्यांना उंचीप्रमाणे रांगेत उभं केलं. बुटके पुढे, उंच मागे, पोटं आत. बँकांमधले मोठमोठे अधिकारी निमूटपणे आपापल्या उंचीच्या जागी जाऊन उभे राहिले. मागून कोणीतरी पुटपुटलं, "आल्या कर्नलबाई!" ते त्यांना ऐकू गेलं. आता काही खरं नाही म्हणून आम्ही टाळ घट्ट धरले. बाई वळल्या आणि म्हणाल्या, "कर्नलच का? ब्रिगेडियर म्हणायला जीभ झडते का तुमची?" तेव्हापासून त्या कर्नलबाई झाल्या.

वास्तविक त्यांच्या सात पिढ्यांत कोणी बंदूक धरलेली नव्हती. वडील कचेरीत कारकून, सासरे मास्तर. यजमान श्रीकांतराव इथल्या एका बँकेत जोखीम मोजायच्या खात्यात होते. बँकेची जोखीम मोजायचे आणि घरात कसलीच घ्यायचे नाहीत. सैन्याशी बाईंचा संबंध म्हणजे एक भिंत. पुण्याला खडकीत त्यांचं माहेर होतं आणि परसातल्या भिंतीपलीकडे कवायतीचं मैदान. बाई त्या भिंतीवर चढून कवायत बघत मोठ्या झाल्या. कॉलेजात एनसीसीत गेल्या, दिल्लीच्या शिबिरासाठी निवडल्याही गेल्या. वडिलांनी पाठवलं नाही. "मुलीच्या जातीला दिल्लीत कसली परेड?" एवढं म्हणून त्यांनी विषय संपवला. ही गोष्ट बाई नेहमी हसत हसत, वडिलांची नक्कल करून सांगायच्या. पण सांगताना हातातल्या फडक्यानं ओटा पुसत राहायच्या, आणि तो ओटा आधीच स्वच्छ असायचा.

आता इथला एक नियम सांगायला हवा. सिंगापुरात कायमचं बिऱ्हाड केलेल्यांच्या मुलांना अठरा वर्षांचं झालं की दोन वर्षं सैन्यात जावं लागतं. हा विषय निघाला की आमच्यातल्या देशभक्तांचे चेहरे बघण्यासारखे होतात. मुलगा लहान असतो तोवर इथल्या शिस्तीचं काय ते कौतुक! इथले रस्ते, इथली झाडं, इथला कायदा. मुलाला मिसरूड फुटायला लागलं की याच मंडळींना एकाएकी मेलबर्नची हवा मानवू लागते. कर्नलबाई अशा लोकांच्या तोंडावर बोलायच्या. "इथलं पाणी प्यायचं, इथल्या लिफ्टनं वर जायचं, आणि द्यायची वेळ आली की बॅग भरायची? आमचा निनाद जाणार. आणि ऑफिसर होऊन बाहेर येणार." हे ऐकून सगळे गप्प बसायचे. निनादही गप्प बसायचा, कारण त्याला कोणी विचारलेलंच नसायचं.

निनाद त्यांचा एकुलता एक. किडकिडीत, चष्मा, आवाज इतका हळू की लिफ्टमध्ये त्यानं 'हॅलो' म्हटलेलं आपल्या मजल्यावर पोचेपर्यंत लक्षात यायचं नाही. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. आई एकीकडे, "निनाद, ताठ चाल, खांदे मागे!" आणि हा, "वॉकिंग ओन्ली, आई. नॉट पेरेड लाह." पण मुलगा गुणी होता. आईनं छात्रसेनेत घातलं, गेला. आईनं कवायतीचे बूट चकचकीत करायला सांगितलं, केले. पुढे ज्युनिअर कॉलेजात गेल्यावर तो ऑफिसर कॅडेट झाला, आणि तिथं एक सोसायटी होती.

त्या सोसायटीचं नाव ऑनर अँड सर्व्हिस सोसायटी. म्हणजे मान आणि सेवा. ऑफिसर कॅडेटांपैकी निवडक मुलामुलींनाच तिच्यात प्रवेश, आणि निवड जुने सभासद करणार. निवडलेल्याच्या उजव्या खांद्यावर पांढरी दोरी यायची. कॉलेजात पाहुणे आले की या मंडळींनी पांढरे हातमोजे घालून दारं उघडायची. या देशात दारं आपोआप उघडतात, पण ते सोडा. उद्घाटन असलं की फीत कापायच्या कात्रीचं तबक धरून उभं राहायचं, आणि समारंभ संपेपर्यंत हसायचं नाही. मानाचं खातं हे असं होतं. राहिली सेवा. ती दर शनिवारी, ज्यानं त्यानं नेमून दिलेल्या ठिकाणी करायची.

या सेवेची हजेरी मात्र कोणी घ्यायचं नाही. तोच तर त्यांचा अभिमान. महिन्यातून एकदा सगळे रांगेत उभे राहणार, अध्यक्ष एकेकासमोर येऊन थांबणार, आणि ज्यानं त्यानं समोर बघून म्हणायचं, "सर्व्हिस डन, ऑन माय ऑनर." झालं. शब्द दिला की तो खरा. मी जुरोंग ईस्टला एका बँकेत नियमपालनाच्या खात्यात आहे. आमच्याकडे माणूस मेला म्हटलं तरी दोन कागद मागतात. पुरावा न मागता चालणारी संस्था ऐकून मला घामच फुटला. कर्नलबाईंच्या मात्र डोळ्यांत पाणी आलं. "बघ मेधा, याला म्हणतात खानदानी," त्या म्हणाल्या.

निनादला ती दोरी मिळाली तेव्हा बाईंनी आमच्या मजल्यावरच्या प्रत्येक दारी पेढे दिले. समोरच्या मलाय काकूंना वाटलं मुलाचं लग्न ठरलं. त्यांनी बिचाऱ्यांनी आहेरही दिला. दोरी दर रविवारी धुतली जायची, पुण्याहून आणलेल्या निळीत बुचकळून, आणि मग तिला इस्त्री. दोरीला इस्त्री करणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. त्यांच्या हिशेबात ही दोरी म्हणजे ऑफिसर होण्याची पहिली पायरी होती. तसं कोणी कुठं सांगितलेलं नव्हतं, सैन्याचं आणि त्या सोसायटीचं काही देणंघेणं नव्हतं, पण बाईंनी ठरवलं होतं म्हणजे ठरलं होतं. "अगं, त्या लोकांना खांदा बघूनच कळतं," असं त्या मला समजावायच्या.

पहिली ठिणगी पुलाउ उबीनला पडली. त्या बेटावर सोसायटीची मुलं किनारा साफ करायला जाणार होती. बाई निघाल्या, का, तर मुलांच्या पोटाचं कोण बघणार? आणि डबे उचलायला बरोबर मी. धक्क्यावर बमबोट, म्हणजे छोटी मोटारबोट, भरेपर्यंत थांबावं लागतं, तेवढ्यात त्यांनी नावाड्याला दोर नीट गुंडाळायला लावला. किनाऱ्यावर निनादनं गोणी घेऊन चार बाटल्या उचलल्या असतील नसतील, बाईंनी गोणी त्याच्या हातातून काढून घेतली. "तू सावलीत बस. उद्या केमिस्ट्री आहे." मग पदर खोचून त्यांनी जो किनारा झाडला, तो मी आयुष्यात विसरणार नाही. भरलेल्या गोण्याही उंचीप्रमाणे लावल्या. सोसायटीची अध्यक्ष वेई लिंग नावाची मुलगी होती, सरळ, सभ्य, अंगावरच्या गणवेशाला एक चुणी नसलेली. ती जवळ येऊन अदबीनं म्हणाली, "आंटी, सॉरी आह, धिस वन मेंबर्स ओन्ली." बाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "आय अ‍ॅम मेंबर्स मदर." हा हुद्दा वरचा आहे याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती, आणि वेई लिंगच्याही मनात ती उरली नसावी, कारण ती परत गेली.

निनादला नेमून दिलेली सेवा होती जुरोंग ईस्टच्या एका वृद्धाश्रमात. म्हाताऱ्यांना जेवू घालायचं, बोलायचं, बसायचं. पण मोठी परीक्षा वर्षावर आलेली. शनिवारी सकाळी फिजिक्सची शिकवणी. शनिवारी दुपारी गणिताची. एका शनिवारी मी एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, फलाटावर उभी, तर कर्नलबाई समोर. हातात पिशवी, पिशवीत खोबरेल तेलाची बाटली आणि कंगवा.

"निनाद कुठाय?"

"शिकवणीला."

"मग तुम्ही कुठे निघालात?"

"सेवेला."

मी म्हटलं, "ताई, सेवा त्याची आहे ना?"

"त्याचीच आहे. त्याच्या वतीनं मी करते."

माझा चेहरा बघून त्यांनी मला गाडीत शेजारी बसवलं आणि समजावून सांगितलं. "हे बघ. सत्यनारायणाला मंत्र कोण म्हणतं? गुरुजी. पुण्य कोणाला लागतं? यजमानाला. सोळा सोमवार केले मी, नोकरी लागली यांना. तेव्हा कोणी विचारलं का, की बाई, उपाशी तू का, हे का नाहीत? घरातल्या एकानं केलं की घराचं झालं. हा काय आजचा शोध आहे का माझा?" आपल्याकडे हे असंच चालत आलंय, हे खोटं थोडंच होतं! मग बाईंनी डोळे मिटले, हात जोडले, गोत्राचा उच्चार केला, आणि 'चिरंजीव निनादच्या वतीने आजची सेवा' असा चक्क संकल्प सोडला. पळीभर पाणी सोडायचं तेवढं राहिलं, कारण एमआरटीत पाणी प्यायलासुद्धा दंड होतो.

मी त्या दिवशी त्यांच्याबरोबर आत गेले, म्हटलं बघावं तरी. दारात स्वयंसेवकांच्या छातीवर नावाची चिठ्ठी चिकटवतात. तिथल्या मुलीनं नाव विचारलं. बाई म्हणाल्या, "निनाद." सेवा ज्याच्या नावची, नाव त्याचं, त्यांच्या दृष्टीनं सरळ होतं. त्या आश्रमात त्यांना सगळेच निनाद म्हणून ओळखायचे. नर्स हाक मारायची, "गुड मॉर्निंग, निनाद!" आणि पन्नाशीची, कपाळावर ठसठशीत कुंकू लावलेली बाई तिकडून म्हणायची, "मॉर्निंग, मॉर्निंग."

आणि सेवा काय करायच्या! खोटं इतकं मन लावून केलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. मॅडम लिम नावाच्या एक आजीबाई होत्या, सगळ्यांवर थुंकायच्या, कोणाच्या हातचं खायच्या नाहीत. त्या बाईंच्या हातून पेज खायच्या. बाई मराठीत दटावायच्या, "गिळा आता मुकाट्यानं, थंड झाली तर मला बोलायचं नाही." आजी त्यांच्या भाषेत त्याहून मोठ्यानं काहीतरी सुनवायच्या. एकीचं अक्षर दुसरीला कळत नव्हतं आणि भांडण असं रंगायचं की शेजारचे म्हातारे आपल्या खुर्च्या जवळ ओढून घ्यायचे. जेवण झालं की बाई आजींच्या उरल्यासुरल्या केसांना तेल लावून त्यांची वेणी घालायच्या. आजी डोळे मिटून बसायच्या. मला त्या वेळी हसू आलं नाही.

इकडे महिन्याच्या महिन्याला रांग लागायची, वेई लिंग निनादसमोर येऊन थांबायची, आणि निनाद म्हणायचा, "सर्व्हिस डन, ऑन माय ऑनर." एकदा संध्याकाळी तो आमच्या दारात आला. हातात आईनं दिलेली अळूवडीची वाटी होती. वाटी देऊनही जाईना.

"मेधा मावशी, कॅन आस्क यू समथिंग?"

"बोल ना."

"एव्हरी मंथ आय गिव्ह माय वर्ड. बट आय डिडन्ट डू एनीथिंग, यू नो. इफ आय टेल देम, आई विल डाय."

"आईशी बोललास?"

"शी सेज गुरुजी समथिंग समथिंग." मग थोडं थांबून तो मराठीत म्हणाला, "मला ते बोलताना कसंतरी होतं."

मी बाईंच्या कानावर घातलं. त्या कणीक मळत होत्या. म्हणाल्या, "त्याला काय कळतंय! पोर आहे. एकदा ऑफिसर होऊ दे, मग करील हवी तेवढी सेवा आणि देईल हवा तेवढा शब्द. आत्ता डोक्यात फक्त फिजिक्स पाहिजे. आणि तू त्याला भलतं काही शिकवू नकोस." कणकेवर मूठ अशी पडली की मी घरी आले.

आणि मग कहर झाला. पुढच्या अध्यक्षपदासाठी सभासदांनी निनादची निवड केली. मुलांना तो आवडायचाच. कमी बोलणारा माणूस सगळ्यांनाच शहाणा वाटतो. वार्षिक समारंभात वेई लिंग त्याच्याकडे पद सोपवणार होती. आणि या वर्षी समारंभ कुठे? तर सेवेचं महत्त्व ठसावं म्हणून त्याच वृद्धाश्रमाच्या हॉलमध्ये. हे ऐकल्यावर मी कपाळाला हात लावला. बाईंचा आनंद मात्र गगनात मावत नव्हता. त्यांनी पैठणी काढली, सगळ्या मजल्याला आमंत्रण दिलं, श्रीकांतरावांना रजा घ्यायला लावली. मी म्हटलं, "ताई, तिथं तुम्हाला सगळे काय हाक मारतात, आठवतंय ना?" त्या म्हणाल्या, "एवढ्या गर्दीत कोणाचं लक्ष असतंय?"

समारंभाच्या दिवशी मुलं हातमोजे घालून दोन्ही बाजूंना उभी. पालक खुर्च्यांवर. आश्रमातल्या म्हाताऱ्यांना चाकाच्या खुर्च्यांतून आणून पुढच्या रांगेत बसवलं होतं. वेई लिंग भाषण करायला उभी राहणार, इतक्यात मॅडम लिमनी मागे वळून पैठणी पाहिली. आणि त्या ओरडल्या, "निनाद! निनाद आह!" दोन्ही हात पसरून, अशा आनंदानं की सगळा हॉल वळला. आश्रमाच्या मुख्य नर्सबाईंना वाटलं, ओळख करून द्यायची ही चांगली वेळ आहे. त्या मोठ्यानं म्हणाल्या, "एव्हरीबडी, धिस इज निनाद! अवर बेस्ट व्हॉलंटिअर! एव्हरी सॅटर्डे शी कम्स!" आणि टाळ्या वाजवू लागल्या. पालकांनीही वाजवल्या. वेई लिंगनं मात्र वाजवल्या नाहीत. ती निनादकडे बघत होती.

कर्नलबाई उठल्या. अशा वेळी डोकं चालवावं तर त्यांनीच. "येस, येस!" त्या हसत म्हणाल्या. "निनाद अँड मी. माय सन अँड मी, टुगेदर, एव्हरी वीक! शी कॉल्स बोथ निनाद!" हॉलमध्ये 'आऽऽ' असा कौतुकाचा आवाज झाला. आई आणि मुलगा दोघं मिळून सेवा करतात, किती गोड! वेई लिंगच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला स्पष्ट दिसलं. झालं, निभावलं, असं मला वाटलं. मी खोटं कशाला बोलू, मलाही हायसं वाटलं.

निनाद रांगेतून एक पाऊल पुढे आला. "नो," तो म्हणाला. त्याचा आवाज एरवीसारखाच हळू होता, पण हॉल इतका शांत झाला होता की शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला. "आय नेव्हर केम. नॉट वन्स. माय मदर केम. आय सेड सर्व्हिस डन, बट आय डिडन्ट डू." वेई लिंग जवळजवळ विनवणीच्या सुरात म्हणाली, "निनाद, यू शुअर?" त्यानं खांद्यावरची दोरी सोडली, नीट घडी घातली, आणि तिच्या पांढऱ्या हातमोज्यावर ठेवली.

"अरे गाढवा, गप्प बस!" कर्नलबाई ओरडल्या. हॉलमध्ये मराठी आम्हा चौघांपलीकडे कोणाला येत नव्हतं, तरी सगळ्यांना कळलं. मान राखायचं शिक्षण घेतलेल्या त्या सबंध सोसायटीत पुढं काय करायचं हे एकालाही माहीत नव्हतं. तबक धरलेला मुलगा तबक धरूनच राहिला. श्रीकांतराव छताकडे बघत होते. मॅडम लिम तेवढ्या हाका मारत होत्या, कारण समोर केकची बशी आली होती आणि त्यांना भरवायला कोणी येत नव्हतं. शेवटी कर्नलबाईच पुढे गेल्या, त्यांच्यासमोर बसल्या आणि भरवू लागल्या.

त्यानंतर काय काय झालं ते विचारू नका. सोसायटीनं निनादचं नाव काढून टाकलं; तो त्यांचा नियमच होता. आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सात्त्विक संताप उसळला. ज्यांची मुलं ऐन वेळी मेलबर्नला पोचली होती, त्यांनी प्रामाणिकपणावर लांबच लांब संदेश पाठवले, खाली हात जोडलेले. कर्नलबाईंनी ग्रुप सोडला. घरात मुलाशी बोलणं सोडलं. ताट वाढायच्या, पण बोलायच्या श्रीकांतरावांमार्फत: "त्याला म्हणावं, भात घे." तीन माणसांच्या घरात तिसरा माणूस तारखात्यात नोकरीला लागल्यासारखा झाला.

एक दिवस त्या माझ्याकडे आल्या आणि बसल्या. म्हणाल्या, "मेधा, मी चोरी केली का गं? त्या म्हातारीच्या केसांना तेल लावलं, ती चोरी झाली?"

मी म्हटलं, "सेवा खरी होती ताई. शब्द खोटा होता."

"शब्दाचं काय एवढं?"

"त्यांच्याकडे शब्दच आहे. दुसरं काही मागतच नाहीत ते. आणि शब्द निनादचा होता, तुमचा नव्हता."

त्यांनी टीपॉयवरची माझी वर्तमानपत्रं काठाला काठ लावून सरळ केली. मग म्हणाल्या, "म्हणजे पोराच्या तोंडून मी खोटं वदवलं, असं म्हण की सरळ."

"हो," मी म्हटलं. त्या उठल्या आणि गेल्या. त्यांनी दार आपटलं नाही, याचीच मला जास्त भीती वाटली.

गंमत म्हणजे पुढच्या शनिवारी निनाद स्वतःहून त्या आश्रमात गेला. ना दोरी, ना मान, ना कोणी विचारणारा. मॅडम लिमनी त्याच्या शर्टावर पेज थुंकली. घरी येऊन तो थेट आईसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आई, त्या खात नाहीत. तू चल ना." इतक्या दिवसांत तो तिच्याशी पहिल्यांदा बोलला, तेही मराठीत. बाईंनी पिशवी उचलली. दोघं लिफ्टकडे जाताना मी दारातून पाहिली, माय पुढे आणि लेक मागे. त्या दिवशी छातीवर कोणतं नाव लावलं हे मी विचारलं नाही. पुढे मॅडम लिम वारल्या तेव्हा त्यांच्या अंत्यविधीला आमच्या ब्लॉकमधून हे दोघंच गेले होते.

निनादची परीक्षा झाली आणि सैन्याचं बोलावणं आलं. त्याच सुमारास श्रीकांतरावांना बँकेनं मुंबईला परत धाडलं. ते पुढे गेले. मुलाला पोचवून, घर आवरून बाईही जाणार होत्या. सुटीच्या दिवशी निनाद आमच्याकडे राहील असं ठरलं. भरतीच्या दिवशी पालकांनी मुलांबरोबर बोटीनं तेकोंग बेटावर जायची पद्धत आहे. श्रीकांतराव नव्हते, म्हणून बाईंबरोबर मी गेले. तिथं मुलांच्या बराकी दाखवतात, शपथ होते, मुलांबरोबर जेवायला बसवतात, आणि मग पालकांना परत पाठवतात. मुलगा अठरा वर्षांचा असला तरी जेवताना सगळ्या आया त्याच्या ताटात स्वतःच्या ताटातलं वाढतात. कर्नलबाईंनीही वाढलं. निरोप घेताना त्यांनी निनादला ताठ उभं राहायला सांगितलं नाही, काहीच सांगितलं नाही. त्याचा चष्मा काढून पदरानं पुसला आणि परत त्याच्या नाकावर ठेवला.

परतीच्या बोटीत आमच्या शेजारी एक गृहस्थ बसले होते, दिल्लीकडचे. त्यांचा मुलगा त्याच कॉलेजातला, त्याच सोसायटीतला. गृहस्थ सगळ्या बोटीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होते, की सोसायटीचे मुलगे ऑफिसर होणारच, खांद्यावर दोरी चढली की अर्धं काम झालं. मी ऐकत होते आणि हे सगळं मला अगदी तोंडपाठ वाटत होतं. मग ते बाईंकडे वळले. "आपका बेटा भी तो था ना उस सोसायटी में? देखा था उसको, चश्मेवाला."

मी चटकन बाईंकडे पाहिलं. नुसतं 'था' म्हटलं असतं तरी खोटं नव्हतं आणि विषय संपला असता.

"था," कर्नलबाई म्हणाल्या. "निकाल दिया उसको."

"अरे! क्यों?"

"सच बोला इसलिए." त्यांचं हिंदी नेहमी पुणेरीच होतं, पण शब्द न शब्द ठणठणीत होता. समोरच्या बाकावरचे लोकही बघायला लागले. "झूठ मैंने बुलवाया था उससे. बहुत महीने. फिर एक दिन वो सब के सामने सच बोला. मैं उसको चुप करा रही थी, तो भी बोला."

गृहस्थ "अच्छा, अच्छा" म्हणत मोबाइलमध्ये शिरले. बाई बेटाकडे बघत बसल्या. मला त्या क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटला की मी त्यांचा हात घट्ट धरला, आणि डोळ्यांतून पाणी कधी वाहायला लागलं हे मला कळलंच नाही.

त्यांनी हात सोडवून घेतला. "तू कशाला रडतेस? मुलगा माझा गेलाय," म्हणाल्या, आणि मग त्याही रडल्या.